फरीदाबादची हवा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
वैभवीचा फोन. बाळाचं उष्टावण सात डिसेंबरला. मी ठासून सांगितलं, इथे दिल्लीत, द्वारकेलाच करायचं. नातू पाच महिन्यांचा झाला, अजून आजोबांच्या घरी आलेला नाही, लोक काय म्हणतील? वैभवी म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय, सिगरेट ओढतात त्या घरात बाळाला न्यायचं नाही. नुसता वाससुद्धा नको." म्हटलं, बिल्कुल. महिना आहे हातात. सिगरेट बंद, रोज वॉक, घर एकदम आरसा. विजयालक्ष्मीलाही सरप्राइज. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून मे महिन्यात फरीदाबादला गेली, ती अजून तिथेच आहे. बायको नसली की घराची जरा आबाळ होतेच.
सिगरेट आजपासून बंद. म्हणजे हे पाकीट संपल्यापासून. चांगली वस्तू फेकून देणं माझ्या संस्कारात बसत नाही.

४ नोव्हेंबर. सकाळ.
नवे बूट घालून वॉकला निघालो. गेटवरचा गार्ड म्हणाला, "साहब, आज मत जाइए, हवा बहुत खराब है." टीव्हीवरही तेच. बाहेर पडू नका, खिडक्या बंद ठेवा. मी सरकारी नोकर, सूचना पाळतो. परत आलो. खिडक्या लावल्या. बूट काढता काढता एक ओढली. बाहेर असतो तर ह्यापेक्षा जास्त धूर पोटात गेला असता.

५ नोव्हेंबर.
हवा तशीच. बूट तसेच.

८ नोव्हेंबर, शनिवार.
स्वच्छतेला प्रारंभ. हॉलमधला सासू-सासऱ्यांचा फोटो पुसायला खाली काढला. मागे भिंतीवर पांढराशुभ्र चौकोन. चमत्कारिक प्रकार. आमच्या भिंती क्रीम कलरच्या आहेत. फोटोमागे ऊन न लागल्यामुळे तेवढाच रंग उडाला असणार.
समोरच्या मीनाक्षीजी दही मागायला आल्या होत्या. म्हणाल्या, "भाईसाहब, दीवार तो सफ़ेद ही थी. गृहप्रवेश में देखी थी मैंने." त्यांना कलर सेन्स नाही. तरी ओला स्पंज फिरवून पाहिला. बादलीत चहासारखं पाणी. इरेला पेटून पुसत सुटलो. दाराजवळची भिंत खांद्यापर्यंत पांढरी झाली, तेवढ्यात दम लागला. बसलो. बसल्यावर माणूस काय करणार? ओढली.
उरलेली भिंत उद्या.

९ नोव्हेंबर.
खांदा धरला. फोटो परत लावला, पण तो अख्खी भिंत कसा झाकणार?

१३ नोव्हेंबर.
जावयानं, धवलनं, एअर प्युरिफायर पाठवला. पोरगा गुणी आहे. हवा चांगली असेल तर हिरवा दिवा, वाईट असेल तर लाल. लावला, तासाभरात हिरवा. बाल्कनीत जाऊन एक ओढून आलो (घरात ओढणं कमी केलंय, हे लिहून ठेवायला हवं) आणि सोफ्यावर बसलो. लाल. उठून स्वयंपाकघरात गेलो. हिरवा. परत आलो. लाल. डिफेक्टिव्ह पीस!
धवलला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, मशीन बरोबर आहे हो. तुम्ही शर्ट बदलून बघा." बदलला. दिवा केशरी झाला. म्हणजे प्रगती आहे. पण घरात सतत कुणी आपल्याकडे डोळे वटारून बघतंय असं वाटतं, म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे केलं.

१९ नोव्हेंबर.
प्रदूषणामुळे अर्ध्या ऑफिसला घरून काम. मी त्या अर्ध्यात. एकटा माणूस, समोर फाइल, हाताशी चहा. सिगरेटचं ह्या परिस्थितीत काय करायचं ते आदेशात लिहिलेलं नाही.
दुपारी विजयालक्ष्मीला फोन. खोकला कसा आहे विचारलं. इथे रात्र रात्र खोकायची बिचारी. दिल्लीचं पोल्युशन, दुसरं काय. म्हणाली, "खोकला गेला." कधी? "इथे आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात." वा! फरीदाबादची हवा चांगली असणार.

२० नोव्हेंबर.
मोबाइलवर पाहिलं. फरीदाबादचा प्रदूषणाचा आकडा आपल्या द्वारकेहून वाईट निघाला. कारखाने आहेत ना तिथे.
अ‍ॅप डिलीट केलं. काहीही दाखवतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
वैभवी घर बघायला आली. एकटीच. बाळ आजीपाशी. माझी तयारी पूर्ण होती. पडदे लाँड्रीतून आणलेले, धूप, कापूर, वर लव्हेंडरचा स्प्रे. दारात आल्या आल्या तिनं ओढणी नाकाला लावली आणि मला दिसायच्या आत खाली केली. मला दिसलं नाही असं मी ठरवलं.
आईचे गरम कपडे न्यायचे म्हणून तिनं कपाट उघडलं. आईची शाल काढली, हुंगली, घडी घालून परत ठेवली. स्वेटर काढला. तोही ठेवला. म्हणाली, "राहू दे. तिकडे नवीन घेऊ." मग सोफ्याच्या कडेला बसून विचारलं, "बाबा, एक दिवस तरी पूर्ण बंद केलीत का?" मी म्हटलं, कमी केलीय. ती नखांकडे बघत बसली. म्हणाली, "उष्टावण आमच्याकडेच करू. तुम्ही आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या. प्लीज."
तसं ते बरंच झालं. आमच्या सोसायटीत पार्किंगचा प्रॉब्लेम आहेच.

७ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ.
सकाळपासून एकही नाही. डोक्यावरून दोनदा आंघोळ, नवा कुडता. मेट्रोनं फरीदाबाद. त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. चार मजले. दुसऱ्यावर थांबलो, तिसऱ्यावर पायरीवरच बसलो. धवल खाली आला आणि हाताला धरून मला वर घेऊन गेला. पाहुणे बाळाला सोडून माझ्याभोवती जमले. कुणी पाणी, कुणी खुर्ची. पंधरा मिनिटं कार्यक्रम माझाच.
बाळाला मामा नाही, म्हणून खीर चाटवायचा मान आजोबांचा. पोरगं मांडीवर घेतलं. पहिल्यांदा. काय ऊबदार वजन! बोटातली सोन्याची अंगठी काढून खिरीत बुडवली, त्याच्या ओठाला लावली. त्यानं अंगठी झिडकारली आणि माझं बोटच धरून तोंडात घातलं. जोरात चोखलं. सगळे हसले. मग त्याचं तोंड कसनुसं झालं, अंग शहारलं आणि ते रडायला लागलं.
वैभवी हळूच म्हणाली, "हात धुतले होते ना, बाबा?" धुतले होते. साबणानं, दोनदा. विजयालक्ष्मी पुढे आली. बाळाला उचललं, ओल्या फडक्यानं त्याची जीभ पुसली. परत परत पुसली. खीर मग धवलच्या वडिलांनी चाटवली.
निघताना विजयालक्ष्मी दारापर्यंत आली. विचारलं, घरी कधी येतेस? ती म्हणाली, "अहो, मी सहा महिने रात्रभर झोपतेय. आता नाही येत मी." रागावून नाही. पुरणपोळीचा डबा हातात देता देता. मी म्हटलं, थंडी संपल्यावर बघू. ती म्हणाली, "सावकाश उतरा."
उतरताना अजिबात दम लागला नाही. खाली गेटपाशी उभा राहिलो. डबा काखेत धरून एक पेटवली आणि वर पाहिलं. विजयालक्ष्मी खिडकीत होती, बाळ कडेवर. मी हात केला. तिनंही केला. मग खिडकी लावून घेतली.