पारण्याआधीचं रक्त

कोल्हापूर, ८ सप्टेंबर २०२५

ती. चंदनाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

…मी रिपोर्टची घडी घालत होतो, तेवढ्यात पद्मजानं तो हातातून काढून घेतला. मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा अठ्ठेचाळीस. शेजारी छापलंय, साठच्या वर हवा. तुझी ही भावजय म्हणाली, म्हणजे निम्मी गेली. मला अप्पांचं डायलिसिस आठवलं.

शनिवारी अनंत चतुर्दशीचा निर्जळी उपास होता, दिवसभर शिरोलीच्या कारखान्यात भट्टीपाशी होतो. तपासणीचं रक्त रिकाम्या पोटीच द्यायचं होतं, म्हणून रविवारी पारण्याआधी देऊन आलो. एका उपासात दोन कामं. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

आहे ती माया राहू दे.
तुझा जयपाल


गारगोटी, १२ सप्टेंबर

चि. जयपाल यास अ. उ. आ.

अप्पांना मी माझं मूत्रपिंड देते म्हटलं होतं. पोरीचं घेऊन काय जगू व्हय, म्हणाले. तू तसलं काही बोलायचं न्हाय. माझं एक तुझं. लहानपणी माझ्या ताटातली पोळी विचारून घेत नव्हतास, आता लाजू नको. सुनेनं वय काढलं. मी म्हटलं, त्याच्यापेक्षा सहा वर्षं जुनं हाय, पण भट्टीत भाजलेलं न्हाय.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. नाहीतर मीच येते.
तुझी अक्का


कोल्हापूर, २० सप्टेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, रक्त देण्याआधी पाणी केव्हा प्यालात. मी सांगितलं, आदल्या दिवशी थेंबही नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हा आकडा थेट मोजलेला नसतो. रक्तातलं क्रिएटिनिन, वय, स्त्री की पुरुष, यावरून काढलेला अंदाज असतो. शरीर सुकलं की क्रिएटिनिन वाढतं आणि अंदाज खाली येतो. एका रिपोर्टवरून आजार ठरत नाही.

रोजचं पाणी पिऊन पुन्हा रक्त दिलं. त्र्याहत्तर आला. लघवीतून प्रथिनंही जात नाहीत. तरी अप्पांमुळे तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं आहे.

तेव्हा तुझं तुझ्यापाशीच राहू दे. पण मला ते मिळालं, असंच मी धरतो. अप्पांना घेता आलं नाही. मी घेतलं असतं, अक्का.

पत्र उद्या सकाळी टाकतो. अशीच पाठीशी राहा.
तुझा जयपाल


दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र पेटीत पडलं नाही. गारगोटीच्या पहिल्या गाडीनं चंदनाअक्का आल्या. पिशवीत दवाखान्यात राहण्यापुरती पातळं होती. जयपालनं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं, तांब्याभर पाणी आणलं आणि जयपालचं पिऊन होईपर्यंत समोर थांबल्या.