सगळ्यात खराब ट्रान्झिस्टर

प्रिय खटपटे,

तू स्वतः बांधलेली, विजेवर आपोआप गाणारी पेटी सुखरूप आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागेल. तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तरही याच पत्रात आहे, पण ते माझ्या पद्धतीनं, आधी झाकण उघडून मग सांगणार. ऑफिसातली नोकरी कायम होतेय ती धरावी, की त्या नाचाच्या मंडळींबरोबर पेटी घेऊन वर्षभर गावोगाव फिरावं? वर म्हणालीस, "बाबा, तू सांगशील तेच करीन." घोंगडं माझ्या गळ्यात टाकून मोकळी झालीस. मी विचार करतो म्हणालो आणि फोन ठेवला.

काहीही ठरलं तरी पेटी चालू आहे ना ते बघून ठेव, असंही तू सांगितलं होतंस. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती पुढच्या खोलीत, माझ्या दुकानाच्या टेबलावर घेतली. त्या पेटीत गाणं कुठून येतं हे मला कधी कळलं नाही, पण वायर कळते. शेजारीशेजारी बसवलेल्या सर्किटच्या पट्ट्या; एकीतून व्होल्टेज निघतं, दुसरीत जातं, ते चढलं की सूर चढतो. एकेका पट्टीला मीटर लावत गेलो. सगळं ठीकठाक. एकाच पट्टीपाशी मीटरचा काटा वेड लागल्यासारखा नाचायला लागला. आता तूच सांग, माझा उभा जन्म स्टॅबिलायझर दुरुस्त करण्यात गेला. दारात येणारा प्रत्येक माणूस व्होल्टेज वर-खाली होतंय म्हणून रडत येतो आणि मी ते जागेवर आणून देतो. नाचणारा काटा बघून मी गप्प बसेन होय? उघडली पट्टी. आत तीन पायांचा एक चिमुकला ट्रान्झिस्टर नुसता खरखरत होता. एवढ्या हौसेनं पेटी बांधली आणि पोरीनं भंगार माल घातला, असं म्हणत मी तो काढून डब्यात टाकला आणि नवाकोरा, उत्तम प्रतीचा बसवला. काटा गपगार. मला इतकं समाधान झालं की मी स्वतःच चहा करून घेतला.

मग पेटी गायला लावली. टूं, टूं, टूं, टूं. एकच सूर, थांबायचं नाव नाही. तुझी आई आतून हात पुसत आली. तू नोकरीला गेल्यापासून ती अधूनमधून पेटी चालू करून कामं करते, हे मला तेव्हा समजलं. कोणतं बटण दाबायचं ते तिला तू दाखवून गेली होतीस म्हणे. ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "काल छान गात होती. आज तुम्ही तिला शहाणी केलीत वाटतं."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कॉलेजच्या सुट्टीत तू माझा खराब ट्रान्झिस्टरांचा डबा घेऊन, कानाला हेडफोन लावून जमिनीवर बसायचीस. पोरगी चांगले निवडतेय असं मला वाटायचं. तू त्यातला सगळ्यात खराब शोधत होतीस! त्याच्या खरखरीतूनच पेटीला नवेनवे सूर सुचत होते. आणि मी तो परत त्याच डब्यात टाकला होता, शेकडो सारख्या तोंडाच्या भावंडांत.

मग काय, बसलो मीही हेडफोन लावून. एक तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, एक नुसताच घसा खाकरणारा. पसंत पडेल तो पट्टीत बसवायचा आणि आईला विचारायचं. ती नुसती नकाराची मान हलवायची. जेवणं लांबली, पण शेवटी एकाला तिनं होकार दिला. त्यानंतर मी बराच वेळ ऐकत बसलो. मला वाटायचं हा सगळा वाटेल तसा कारभार. तसं नाही. ठोका पडला की त्या क्षणी खरखरीतलं हाती लागेल ते व्होल्टेज पट्टी धरते आणि पुढच्या ठोक्यापर्यंत सोडत नाही. तेही तू ठरवलेल्या सुरांतूनच बाहेर पडतं. एवढं तू बांधून घेतलं आहेस आणि बाकीचं मोकळं ठेवलं आहेस. मला हे जमलं नसतं. मला भीती वाटते गं, तुझ्यासाठी तर फारच.

खरं सांगायचं तर नोकरी धर, असंच लिहायचं मी ठरवलं होतं. वाक्यही जुळवलं होतं. आता लिहितो आहे ते निराळं. जा. पेटी नीट बांधून ठेवली आहे, येऊन घेऊन जा. आतला ट्रान्झिस्टर तुझाच आहे की दुसरा, ते मला सांगता येणार नाही, पण खराब आहे याची हमी देतो. तो चांगला, शांत ट्रान्झिस्टर मी काढून ड्रॉवरमध्ये जपून ठेवला आहे. फिरून फिरून दमलीस आणि एकच सूर हवासा वाटला, तर घरी ये. लगेच बसवून देईन.

तुझाच,
बाबा