नाना हयात असल्याबाबत

तीर्थरूप नानांना धाकटा चुलतभाऊ लोटन याचा दंडवत. तब्येत कशी आहे? दरवेळी रीत म्हणून विचारतो, या वेळी खरंच विचारतो आहे. उत्तर तुमच्याच अक्षरात यावे.

परवा आम्ही नवरा-बायको अमळनेरला न कळवता आलो आणि पाणीही न पिता परतलो, त्याचा खुलासा करतो. नात पुनम जळगावला कॉलेजात शिकते. तिच्या ग्रुपवर तुमचा हार घातलेला फोटो आला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी म्हटलं, बाई, खात्री कर. ती म्हणाली, आबा, अकरा ग्रुपवर आलंय, खात्री आणखी कशी करतात? (पोरगी सायन्सला, मी सातवी नापास. काय बोलणार?) फोन करावा, तर तुम्हीच उचलल्यावर काय विचारायचं? म्हणून आधी डोकं भादरलं, मिशी काढली आणि एसटी धरली. मयताच्या घरी रडत दारावर जायची आपली रीत तुम्हाला ठाऊक. आमच्या मंडळींनी गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला. तुम्ही ओट्यावर दाढी करत बसलेले. तोंडाला साबण तसाच, आणि मलाच विचारलंत,

"कोन गयं रे लोटन?"

माझा गोटा पाहून तुम्हीही रडायला लागलात. (स्वतःच्या जाण्यावर इतकं मनापासून रडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.) मग मी पळालोच.

खरी अडचण पुढेच आहे. पुनमचा साखरपुडा रविवारी पाचोऱ्याला ठरलाय. व्याही भाईदासआप्पा म्हणतात, सुतकात नको, पुढच्या वर्षी बघू. नाना जिवंत आहेत म्हटलं तर विचारतात, मग तुमची मिशी कुठे गेली? पुनमने ग्रुपवर बातमी खोटी असल्याचं टाकलं, तर वर्गातल्या पोरांनी तिलाच अफवा पसरवू नको म्हणून दम दिला. दोन दिवस जेवली नाही पोर.

आपला,
लोटन

ता. क. : रविवारी समक्ष पाचोऱ्याला या. पुढे बसा आणि सगळ्यांदेखत पोटभर जेवा.

ता. क. दुसरा : पुनमने शोधून काढलं, फोटो पहिल्यांदा माझ्याच फोनवरून निघाला. तुमच्या पंचाहत्तरीच्या शुभेच्छा म्हणून मीच घरच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून तो पुढे गेला. हाराची चौकट छान दिसली, दोन्हीकडे समया होत्या. खालचं बारीक अक्षर चष्म्याशिवाय लागलं नाही. पण एवढ्या शिकलेल्या पोरांकडून तो फिरून आला, तेव्हा मलाही खरा वाटला. आमच्या मंडळींना हे सांगू नका. एवढं रडणं फुकट गेलं म्हणून त्या सध्या तुमच्यावर रागावल्या आहेत.