सोमवारची मेणबत्ती

केब्रादा ओंदा
बुधवार, १३ ऑगस्ट. सकाळचे साडेदहा. ओले मोजे चुलीवर वाळत टाकून लिहायला बसलो आहे.

प्रिय यास्नाताई,

तुला मिठी. आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण बोलून दाखवत नाही. पांढऱ्या शेळीला दोन करडं झाली. तिकडे कालामात ऊन असेल; इथे रविवारी रात्रभर वारा होता. फोनच केला असता, पण सिग्नल फक्त दुकानाच्या ओट्यावर लागतो, तोही बोलण्यापुरता, आणि तिथे मी तोंड उघडलं की अख्खी वाडी कान देते.

पुन्हा तोच विषय. तू वैतागू नकोस, ते काम मी एकटा करतो आहे.

बाबांची आनिमिता हलवायला हवी. ज्या उतारावरचा बर्फ सुटून बाबा गेले, त्याच उताराच्या पायाशी आपण त्यांच्या आत्म्यासाठी ते गुडघाभर उंचीचं घरकुल बांधलं. तू पत्र्याचं छप्पर पाठवलंस. आता दर सोमवारी मेणबत्ती लावायला आपलंच माणूस तिथे जातं. जिथे एक माणूस गेलं तिथे दर आठवड्याला दुसरं नेऊन उभं करायचं, हा कुठला न्याय?

आज उजाडताच शेजारच्या लहान उतारावर खड्डा खणून पाहिला. वर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर, खाली साखरेसारखे सुटे दाणे. ठोकळा कापला, त्यावर फावडं ठेवून हलकेच थोपटलं, तर वरचा थर सगळाच्या सगळा घसरून माझ्या गुडघ्यांवर आला. मी कामाला जातो त्या स्कीवाल्यांच्या आश्रयगृहाच्या फळ्यावर लाल खडूने 'धोका' लिहिलं आणि सांतियागोहून आलेले स्कीवाले मुकाट्याने परत फिरले. परके ऐकतात. घरात मात्र असं चालतं:

"जीव तिथे गेलाय त्यांचा. घर उचललंस तर ते येतील कुठे?"

"पुलाजवळच्या वळणावर. तिथून सगळं दिसतं, आई."

"त्यांना तो पूल कधीच आवडला नाही."

दुकानात रेमिहियोकाका म्हणाले, "मेलेल्याला बिऱ्हाड बदलायला लावतोस? मग सामान कोण वाहणार, तू?" सगळे हसले. मीही हसलो.

जुलैत मी आश्रयगृहातलं एक शोधयंत्र आणून आईच्या गळ्यात घातलं. बर्फाखाली माणूस कुठे आहे ते त्यावरून कळतं. म्हणाली, "तुझा हा किडा सारखा लुकलुकतो, जपात लक्ष लागत नाही." मग पहिल्यांदाच तिने नीट विचारलं, फावडं कशाला, बर्फात खुपसून माणूस शोधायची ती लांब सळी कशाला. मी सांगितलं, की उतार एका वेळी एकानेच ओलांडायचा, दुसऱ्याने सुरक्षित जागी उभं राहून नजर ठेवायची. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

"मग तूच जात जा," ती म्हणाली. "तुला कळतं तरी. मी वळणावर उभी राहीन."

वर 'आपलंच माणूस' लिहिलं, ते मी आहे, ताई. सरळ लिहायला हात होईना.

परवा सोमवारी मी नाही म्हटलं. तिने मेणबत्ती घेतली आणि ती बूट चढवायला बसली. मग गेलो. मध्यावर पोचलो तेव्हा पायाखालचा बर्फ धप्प करून खचला. उतार सुटला नाही. का नाही, ते मलाही ठाऊक नाही. वाऱ्याने काडी विझत राहिली. वळून पाहिलं तर आई दोन्ही हातांत फावडं धरून उभी, मी शिकवलं होतं अगदी तशी.

परत आल्यावर तिने विचारलं, "लागली का?" मेणबत्तीबद्दल.

शुक्रवारी पुन्हा बर्फ पडणार आहे. आई तुझं ऐकते. जागा हलवू नका, असं तूच तिला फोनवर म्हणाली होतीस. तू लांब आहेस, येशील तेव्हा सगळं होतं तिथेच हवं, हे मला कळतं. छप्पर मी एकेक स्क्रू काढून उतरवीन, ओरखडा पडू देणार नाही. तू फक्त तिला सांग, की पूलही चालेल. बर्फ काढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर खाली गेल्यावर या पत्राचा फोटो तुला पाठवील. उत्तर मला नको, सोमवारच्या आत तिला दे.

गाडलेल्या माणसाच्या हातात जेमतेम पाव तास असतो. आई हल्ली रोज अंगणात फावडं चालवून बघते. चार-पाच फावडी टाकते, मग गुडघा धरून पायरीवर बसते. मी खिडकीतून पाहतो आणि बाहेर जात नाही.

सोमवारपर्यंत तरी तुझाच,
मीनो