राणीसरकार आणि ठकीचा टोड

दि. २ जुलै

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पानभर तुमच्या प्राणिसंग्रहालयातल्या केन टोडांचं कौतुक, आणि सख्ख्या भावाची एका ओळीत बोळवण! अगं, तळहाताएवढा बेडूक तो, अंगभर चामखिळी. त्याला रुबाबदार म्हणतेस, मग माझ्या गव्यांना काय म्हणायचं?

आमच्या प्राणिसंग्रहालयात गव्याची नवी मादी आली आहे. सातशे किलोची, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी. मी तिला राणीसरकार म्हणतो. पण राणीसरकार मागच्या गोठ्यातून बाहेरच येत नाहीत. दिवसा चाऱ्याला तोंड लावत नाहीत. बरगड्या दिसायला लागल्यात. महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर तिला परत पाठवू, असं आमचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले. फार जीव लागलाय गं. तिला एकटं वाटू नये म्हणून मी खुर्ची कुंपणालाच लावली आहे. डबा तिथेच खातो, गाणी म्हणतो. आणखी काय करू?

जिवाला जप, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

दि. ९ जुलै

ती. दादास,
शि. सा. न.

गाणी? तुझा सूर लागला की आपले शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. ती बिचारी कुठे जाणार!

आता रागावू नकोस. इथे पोरं काचेला नाक लावून किंचाळतात, तरी माझा टोड मधोमध बसून झुरळ गिळतो. डोळ्यांमागे विषाच्या गाठी आहेत, त्याच्या वाटेला जातंय कोण? मी असले काय नि नसले काय, त्याला सोयरसुतक नाही. तुझी राणीसरकार एवढी शिंगं मिरवते, पण माणसाचा नुसता वास आला तरी पळणारी जात ती. तू तिथे ठाण मांडलंस म्हणून ती आत आहे, दादा. खुर्ची उचल.

आई गेल्यापासून तुला वाटतं, नजर हटली की माणूस हातचं जातं. मी इतक्या लांब नोकरीला आले, म्हणून काही कमी झाले का तुझी?

रागावलास तरी उत्तर लिही, एवढी कृपा असावी.
तुझी ठकी

दि. २९ जुलै

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी डोकंच फिरलं. दोन दिवस नुसता तणतणत होतो. मग खुर्ची उचलली, चारा टाकायचं काम जोडीदाराला दिलं आणि स्वतः तिकीटखिडकीवर बसायला लागलो. बरेच दिवस काही घडेना. तुला मनात काय काय बोललो, ते लिहीत नाही.

परवा भर दुपारी राणीसरकार बाहेर आली. झाडाखाली उभी राहून सगळा चारा फस्त केला. कालही आली, आजही. डॉक्टर म्हणाले, राहू दे तिला इथेच. मी रडलो गं, लाज कसली!

एकदा जवळून बघून ये, असं डॉक्टर म्हणत होते. पाय तिकडे वळलेही होते, पण नको म्हटलं. खिडकीतून ती मला तुझ्या टोडाएवढीच दिसते. पण दिसते.

लोभ असू दे, लांबून का होईना.
तुझा दादा