बांधावरची दोन डोकी

प्रिय इताला,

आब्दोनला जाऊन सात महिने झाले. घर ठीक आहे, मीही ठीक आहे. दुपारी हातात काहीतरी वाचायला घेते, तेवढा वेळ बरा जातो. लावणीला पंचवीस दिवस झाले आणि यंदाही भातात ते मेलं गवत माजलंय, आपण ज्याला टर्कीचा शेंबूड म्हणतो ते. शेजारच्या पेर्फेक्ताबाईला हाताशी घेऊन मीच निंदते आहे.

साखरेच्या आजाराने आब्दोनचे डोळे धूसर झाले, त्या वर्षी मीच तुला बोलावलं होतं. धाकटी बहीण, हाताने चपळ. तू चिखलात उतरायचीस आणि शंका आली की काडी उपटून बांधावर त्याच्याकडे न्यायचीस. भाताच्या पानाला बुडाशी बारीक केसाळ कान असतो, त्या गवताला नसतो. तो बोटाने चाचपून सांगायचा. एका काडीवर डोक्याला डोकं लावून तुम्ही दोघं उभे. मी केळी भाजता भाजता खिडकीतून बघायचे. एका काडीला किती वेळ लागतो, इताला? तुझं हसू चुलीपर्यंत यायचं. ‘मेहुणीबाई, तुम्ही नसता तर मी गवताचाच भात शिजवला असता,’ असं तुला म्हणायचा. माझ्याशी जेवताना त्याचं बोलणं मीठ मागण्यापुरतं.

मला शाळा नव्हती, पण वाचायला मी माझी मी शिकले. म्हणून सहकारी संस्थेतून तणांची पुस्तिका आणली, पाठ केली, आणि एका सकाळी तू यायच्या आधी शेतात उतरून अख्खी ओळ साफ केली. आब्दोनने माझ्या ढिगात हात घातला, चारदोन काड्या चाचपल्या आणि हसत सुटला. ‘अगं क्लेमिरा, गवत जपलंस आणि भात उपटलास. तुझं गवत पुस्तकातच उगवतं. राहू दे, मेहुणीला येऊ दे.’ मी हात न धुताच रस्त्यावर आले. तिथे तू मला भेटलीस, आणि तिथूनच परत फिरलीस. महिन्याभरात तू शहरात, ग्वायाकिलला, खाणावळीत कामाला लागल्याचं कळलं.

तीन वर्षांनी त्याच्या मर्तिकाला आलीस ती फाटकाशीच उभी राहिलीस. ‘त्यालाच मी नको होते, मग आत कशाला येऊ?’ म्हणालीस. मी तुला कॉफी आणून दिली. साखर दोन चमचे जास्त घातली होती. तेवढंच सुचलं मला.

परवा पेर्फेक्ताबाईने एक काडी आणली. तिला नीट दिसत नाही, मला अजून नीट ओळखता येत नाही. दोघी वाकलो आणि कपाळावर कपाळ आपटलं. ‘चिकटू नकोस गं नवऱ्यासारखी, उकडतंय,’ ती म्हणाली. मला हसू आलं नाही. पानाचा तो कान एवढासा असतो. लांबून बघताच येत नाही.

तर आता ऐक. ‘आब्दोन म्हणतो, आता येऊ नकोस, तू काम कमी करतेस आणि खिदळतेस जास्त,’ असं मी तुला रस्त्यात सांगितलं, ते त्याने म्हटलंच नव्हतं. तो तेव्हा बांधावर तुझी वाट बघत होता. चार दिवस बघितली. मी म्हटलं, तिला शहराची ओढ लागलीय. पाचव्या दिवशी त्याने शेतात तणनाशक फवारून घेतलं आणि पुन्हा तुझं नाव काढलं नाही. शेवटपर्यंत तो शुद्धीवर होता. मी उशाशी बसून त्याला जुनी वर्तमानपत्रंसुद्धा वाचून दाखवली, पण हे सांगितलं नाही. तू आपल्याला सोडून गेलीस, याच समजुतीत तो गेला. माझ्यासाठी तो असा चार दिवस उभा राहिला असता का, हा विचार आजही मनातून जात नाही, आणि जातो असं खोटं लिहिणार नाही. माफी मागायला तोंड नाही. फक्त त्याने तुला हाकललं नव्हतं, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझीच,
क्लेमिरा