माझ्या नावावरची बाग

मी, शिझुए नागामात्सु, वय बावीस, अविवाहित, राहणार पेनरिन, प्लेसर परगणा, कॅलिफोर्निया, याच राज्यात जन्मलेली आणि म्हणून या देशाची नागरिक, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. क्षयाने माझी छाती पोखरली आहे, डोके नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणू पाहणारे होते, पण खोकल्याच्या धास्तीने ते खाटेजवळ फिरकत नाहीत.

कलम १. वीस एकर पीचची बाग, विहिरीसह आणि घरासह, माझी एकटीची आहे. मी नऊ वर्षांची असताना माझे वडील नागामात्सु क्युझो यांनी ती माझ्या नावावर घेतली. आमच्या वंशाच्या माणसाला, तो इथे जन्मलेला नसेल तर, नागरिक होता येत नाही, आणि जो नागरिक होऊ शकत नाही त्याला या राज्यात जमीन घेता येत नाही. हे दोन कायदे हातात हात घालून चालतात. दगड बाबांनी वेचले, कलमे बाबांनी बांधली. मी फक्त इथे जन्मले. बाबांनी आवाज चढवला की आई म्हणायची, "मालकीणबाई बसल्यात समोर, जरा हळू." मग बाबाही हसायचे.

मला भावंड नाही. मी गेले की बाग आईबाबांकडे जाऊ शकत नाही. काही न लिहिता गेले तर कोर्ट ती विकायला काढेल. वकिलांनी हे समजावले तेव्हा दुभाषी मीच होते. आई म्हणाली, "विचार त्यांना, मुलगी माझ्या पोटातून आली, मग तिचं मला का मिळत नाही?" मी जसेच्या तसे इंग्रजीत सांगितले. वकील बराच वेळ आपली टोपी शोधत राहिले. टोपी त्यांच्या मांडीवरच होती.

कलम २. उचलून नेता येईल ते सारे मी आईबाबांना देते: घोडी, नांगर, शिड्या, छाटणीच्या कात्र्या, चूल, अंघोळीचे पिंप, लोणच्याच्या बरण्या, गाद्या. झाडे यात येत नाहीत; जे मुळाने धरलेले किंवा खिळ्याने ठोकलेले, ते जमिनीचे. दारही जमिनीचे, हे ऐकून बाबांनी त्याच दुपारी खिळे उपटले आणि दार भिंतीला टेकवून ठेवले. थंडीत आम्ही चादर टांगून राहिलो. शेवटी आईने, पोरीला वारा लागतो म्हणून, ते परत बसवायला लावले. तेव्हा दार गेले, असे धरावे.

कलम ३. बाग, विहीर आणि घर मी डेल्फिना आव्हिला हिला देते. ती शेजारच्या पोर्तुगीज गवळ्याची मुलगी, माझी वर्गमैत्रीण, इथेच जन्मलेली. त्याआधी, बाग चर्चच्या नावावर घ्याल का, असे मी आमच्या पाद्रीबुवांना विचारले होते. ते म्हणाले की कायद्याला बगल दिल्याचा आरोप आला तर चर्चला झेपणार नाही. आणि माझ्यासाठी प्रार्थना करून गेले.

हे देणे विनाअट आहे. वकिलांच्या सांगण्यावरून पुन्हा लिहिते, विनाअट. या कलमात आईबाबांच्या राहण्याविषयी आणखी एक वाक्य होते; त्याने देणेच रद्द ठरेल म्हणून त्यांनी ते खोडले. डेल्फिना आली तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच तिने हात वर केला. "मला काही सांगू नकोस, शिझुए. उद्या शपथेवर विचारलं तर मला खरं बोलता आलं पाहिजे." मी काही मागितले नाही, तिने काही कबूल केले नाही. कोर्टाला हवे असेल तर उत्तर हेच आहे. जाताना तिने आईला विचारले की यंदा फुटवे कधी खुडायचे. आई म्हणाली, एप्रिलात.

एवढ्यावर मी वीस एकर देते आहे. डेल्फिनाचा नवरा मनुएल याला गाईंसाठी कुरण हवे आहे, हे मला माहीत आहे. झाडे तोडायला एक हिवाळा पुरतो. मी डोळे मिटले की कुऱ्हाड ऐकते. पण दुसरे नाव मला सापडले नाही. ज्यांची नावे चालतात त्यांच्यात मी भीक मागून पाहिली, आणि माझ्या माणसांचे एकही नाव चालत नाही.

कलम ४. पलीकडच्या बागेचे मालक मिस्टर प्रूइट यांना मी विसरलेले नाही. आम्हाला हाकलावे म्हणून सभेत बोलणारे तेच, आणि गेल्या महिन्यात टोपी काढून "जमीन मोकळी होतेय असं कानावर आलं" म्हणत अंगणात उभे राहणारेही तेच. मी तेव्हा जिवंत होते, खिडकीतून ऐकत होते. त्यांना काहीही मिळू नये.

कलम ५. इवाकिरी हेइजी, फळांच्या वखारीतला कामगार. दोन वर्षांपूर्वी त्याने मला मागणी घातली. तो जपानात जन्मलेला. त्याच्याशी लग्न केले असते तर त्याच दिवशी माझे नागरिकत्व गेले असते आणि पाठोपाठ बाग. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "थांबतो मी. कायदे काही दगडावर कोरलेले नसतात." मी म्हणाले, "ते बदलेपर्यंत मी म्हातारी होईन." तेवढेही नशिबात नव्हते.

हेइजीला मी काहीही देत नाही: कात्री नाही, पुस्तक नाही, फोटोही नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकील म्हणाले. एका तरी सरकारी कागदावर त्याची सही माझ्या सहीला लागून असावी, एवढीच माझी इच्छा होती.

सर्व कलमे मी स्वतः वाचली, आईबाबांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवली, आणि खाली नाव घातले.

पेनरिन, ९ फेब्रुवारी १९२८

(सही) शिझुए नागामात्सु

आमच्यासमोर, शुद्धीवर असताना, तिने सही केली:

(सही) इवाकिरी हेइजी
(सही) एडना कॉलवेल, वकिलांच्या कचेरीतील लेखनिक